छपरावरचा नारिंगी पत्रा

४ तारीख, बुधवार

पोचले एकदाची. बसमधून उतरले तर वाऱ्याच्या पहिल्या झटक्यात छत्री उलटी झाली आणि दुसऱ्या झटक्यात हातातून गेली. धाकटा म्हणतो, "ताई, इथे छत्री कुणी वापरत नाही." मग फोनवर सांगायला काय तोंड शिवलं होतं? सात वर्षं इथे राहतोय, एवढं सांगता येत नाही.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, पण मी चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला मीच न्हाऊमाखू घातलं, त्यामुळे माझ्या लेखी तो धाकटाच. आमच्या चुलतभावाच्या चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायचा. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. एका सुट्टीत इथे आला, लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायला शिकला आणि परत म्हणून आलाच नाही. आता हाच लोकांना शिकवतो. त्याला सर्फिंग म्हणतात. मी फळीवरचा खेळ म्हणते.

मी कशासाठी आले ते इथे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे पाय मागे घ्यायला नको. त्याला घरी न्यायचंय. चुलतभावाने खुर्ची महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे, मग दुसरा माणूस घेणार. वरची खोली मी झाडूनपुसून लख्ख केली. त्याला लहानपणी नारिंगी रंगाचं वेड होतं म्हणून नारिंगी चादरींची जोडी आणली. एक तिथल्या पलंगावर घातली, दुसरी इथे घेऊन आले. बावीस तारखेच्या बसची दोन तिकिटं काढली आहेत. त्याला अजून पत्ता नाही. उद्या सकाळी चहाच्या वेळी विषय काढते.

५ तारीख, गुरुवार

चहाच्या वेळी तो फळ्यांना मेण घासत होता. विषय काढायला बरं दिसेना.

घर पाहिलं. घर कसलं, दोन खोल्या आणि ओटा. समुद्रापासून थोडं मागे, वाळूच्या उंचवट्यावर एकटंच उभं आहे. मालकी मच्छीमारांच्या सोसायटीची. त्यांची मर्जी असेल तोवर राहायचं. दारात फळ्या, खिडकीत फळ्या, मोरीत वाळू. अंगणात गंजलेले नांगर, बिनचाकाची हातगाडी, कुजकी दोरखंडं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे छपराच्या शेंड्याला, लोखंडी चौकटीत ठोकलेला, दाराएवढा नारिंगी पत्रा. रंगाचे पोपडे निघालेले. मी म्हटलं, "हे काय ध्यान बसवलंयस डोक्यावर?" तो सांगणार तेवढ्यात बर्फवाली आली आणि उत्तर राहून गेलं.

बर्फवाली गावातल्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचं यंत्र चालवते. चाळिशी उलटलेली, दंड पैलवानाचे, बोलणं मोजकं. धाकटा सांगत होता, रोज कामावरून सुटली की पिशवीभर बर्फ घेऊन येते. घरात फ्रिज आहे. मासे हा ताजे आणतो नि ताजेच संपवतो. मग बर्फ हवा कशाला? तो बादलीत ओततात आणि वितळेपर्यंत दोघं ओट्यावर बसतात. निम्मा वेळ तर बोलतही नाहीत. नुसता बर्फाचा नास.

किनारा मात्र बघण्यासारखा आहे, हे कबूल करते. डावीकडे गाव, होड्या, जाळी, माशांचा वास. उजवीकडे मोकळी वाळू, तिथे याचे विद्यार्थी पालथे पडून हातपाय मारत असतात. मधे वारा. तो दोन्हीकडे सारखाच वाहतो. वसतिगृहात रेक्टर असताना मी तीस वर्षं एकाच फाटकापाशी उभी राहिले. इतकं आभाळ एका वेळी बघायची डोळ्यांना सवय नाही.

७ तारीख, शनिवार

आज शिकवणी जवळून पाहिली. एक दातांचे डॉक्टर नवरा-बायको आलेत, दोघंही पन्नाशीचे. वाळूत फळी ठेवून तिच्यावर पालथं पडायचं, मग एकदम उडी मारून उभं राहायचं. डॉक्टरीणबाई पटकन उभ्या राहिल्या. डॉक्टर दर वेळी नवीन दिशेला पडत होते. धाकटा न कंटाळता त्यांचे पाय जागेवर ठेवून देत होता. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईकाने "हे अक्षर दिसत नाही" म्हटलं की हाच मुलगा चिडायचा. इथे एकदाही आवाज चढला नाही.

दुपारी विचारणार होते, पण तो जेवून तिथेच ओट्यावर झोपला. तोंड उघडं, कानात वाळू. मी माशा हाकलत बसले.

संध्याकाळी एक चांगली गोष्ट केली. बर्फवालीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. खुर्ची, वरची खोली, तिकिटं. म्हटलं, "माझं तो ऐकायचा नाही, घर की मुर्गी दाल बराबर. तुमच्यासारख्या बाहेरच्या माणसाने सांगितलं तर पटेल. तुम्हीच समजवा त्याला." तिने बादली पायाने बाजूला सरकवली. मग म्हणाली, "त्याला जायचंय का?" मी म्हटलं, "त्याला काय कळतंय?" ती उठली आणि गेली. बर्फ अजून वितळलाही नव्हता. कामाचा थकवा असेल.

८ तारीख, रविवार

बर्फवाली आली नाही. धाकटा गप्प. जेवणात लक्ष नव्हतं, मीठ दोनदा घातलं. घरची आठवण येत असणार. लक्षण चांगलं आहे.

९ तारीख, सोमवार, दुपार

धाकटा फळ्यांचं सामान आणायला शहरात गेलाय, संध्याकाळपर्यंत येईल. तेवढ्यात मी अंगणाचा कायापालट केला! भंगारवाला दारावरून चालला होता, त्याला हाक मारली. गंजके नांगर दिले, हातगाडी दिली, आणि त्यालाच शिडीवर चढवून ते छपरावरचं ध्यानही चौकटीसकट उतरवून घेतलं. "बाई, हा द्यायचा नक्की?" असं त्याने दोनदा विचारलं. या लोकांना भाव पाडायची सवयच असते. मी म्हटलं, नेतोस की दुसऱ्याला बोलावू? बदल्यात दोन स्टीलची पातेली घेतली. घर आता माणसांचं दिसतं. आल्यावर याला धक्काच बसेल.

१० तारीख, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काल माझ्या हातून झालं. आज लिहायला बसले आहे, जमेल तसं लिहिते.

काल उन्हं उतरताना धाकटा बसमधून उतरून उंचवटा चढत आला. मी ओट्यावर कौतुकाची वाट बघत उभी. त्याने छपराकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, पत्रा?"

"दिला भंगारात," मी म्हटलं. अजून हसतच होते.

त्याने हातातलं सामान तिथेच टाकलं आणि किनाऱ्याकडे धूम ठोकली.

किनाऱ्याजवळ पाण्याखाली वाळूचा लांबच लांब बांध आहे. लाटा त्याच्यावर येऊन फुटतात, म्हणून फळीवाल्यांना तो लाडका, आणि होड्यांना तोच काळ. त्या बांधात एक वाट आहे, एक होडी जाईल एवढी. ती वाट पाण्यावरून दिसत नाही. समोर बर्फाच्या कारखान्याचा पांढरा दरवाजा, आणि त्याच्या मागे उंचावर धाकट्याच्या छपराचा नारिंगी पत्रा. हे दोन एकाच्या डोक्यावर एक दिसले की होडी बरोबर वाटेत. एवढाच हिशेब. पिढ्यान्‌पिढ्या त्या छपरावर काही ना काही नारिंगी असतंच. धाकट्याला ते घर दिलं तेव्हा अट एकच होती, पत्र्याला जपायचं. हे सगळं मला आज कळलं. काल मी उंचवट्यावर उभी राहून नुसतं बघत होते.

पुढे तांडेलाची होडी होती. गावातला सगळ्यात जाणता नाखवा तो. दरवाजा दिसला, वर पत्रा नाही, डोळ्यांत तुषार, मागून वारा. होडी अलीकडेच वळली. लाटेने तिला उचललं आणि बांधावर आडवी टाकली. माणसं पाण्यात.

धाकटा फळी घेऊन आत शिरला. त्याच्यामागे ते डॉक्टर, ज्यांना वाळूवर उभं राहता येत नव्हतं, आणि डॉक्टरीणबाई. एकेकाला फळीवर घेऊन बाहेर आणलं. सगळे जिवंत आहेत. हे वाक्य मी पुन्हा लिहिते. सगळे जिवंत आहेत. तांडेलाचा खांदा निखळला, जाळी गेली, होडीची एक बाजू फुटली.

बाकीच्या होड्या बांधाबाहेर हेलकावत थांबल्या होत्या. अंधार पडायच्या आत त्यांना आत घ्यायला हवं होतं. तेवढ्यात बर्फवाली कारखान्यातून धावत वर आली, माझ्याकडे न बघता घरात शिरली, पलंगावरची नारिंगी चादर ओढली, अंगाभोवती गुंडाळली आणि छपरालगतच्या पाण्याच्या टाकीवर चढून उभी राहिली. तिच्या खुणेने एकेक होडी आत आली. चादर कुठल्या खोलीत असते ते तिला घरातल्या अंधारातसुद्धा बरोबर कसं सापडलं कोण जाणे.

धाकटा रात्री जेवला नाही. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

११ तारीख, बुधवार

सकाळी जाळ्यांच्या शेडमध्ये सोसायटीची बैठक होती. धाकट्याला बोलावलं होतं. मला नव्हतं, तरी गेले.

इथे खरं लिहायचं तर सगळं खरं लिहायला हवं. वाटेत माझ्या मनात आलं, याला आता हे लोक घर सोडायला लावणार. म्हणजे हा माझ्याबरोबर येणार. सुंठीवाचून खोकला गेला. असं मला वाटलं, दहा पावलं चालेपर्यंत वाटत राहिलं. मग समोर तांडेल दिसला, हात गळ्यात बांधलेला, आणि मला माझीच शिसारी आली.

बोलत होती ती घंटाबाई. तांडेलाची बायको. होड्या सगळ्या आत आल्या की माशांच्या लिलावाची घंटा हीच वाजवते, त्याआधी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. धाकट्याला म्हणाली, "तुमचा खेळ होतो, आमचं पोट आहे. एक पत्रा सांभाळता येत नाही तर राहता कशाला?"

धाकटा म्हणाला, "चूक माझी आहे. ताईला सांगायला हवं होतं."

मी उभी राहिले. म्हटलं, "त्याने काही केलं नाही. तो गावात नव्हता. पत्रा मी दिला, मला घर नीटनेटकं हवं होतं म्हणून. त्याला घालवू नका. काय बोलायचं ते मला बोला."

सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, भंगारवाल्याने परवा थेट शहर गाठलं होतं, काल परतल्यावर गावभर सांगितलं होतं आणि पत्रा एव्हाना चेपून गाडीत गेला होता. मग हिशेब सुरू झाला. नवीन चौकट शहरात जोडून घ्यावी लागेल. ती आली तरी वारा पडल्याशिवाय एवढा पत्रा छपरावर चढवता येणार नाही. काल चादर बांबूला बांधून पाहिली होती, वाऱ्याने तिचं दोरखंड करून टाकलं. माणूसच लागणार. कुणीतरी बर्फवालीचं नाव घेतलं.

"आणि बर्फ कोण फोडणार?" घंटाबाई म्हणाली. "होड्या येतात तेव्हाच तर बर्फ लागतो." मग माझ्याकडे वळली. "पत्रा काढला कुणी? मग पत्रा तिनेच व्हायचं."

कुणीतरी हसलं. ती हसली नाही. मीही नाही. म्हटलं, "किती वाजता?"

त्याच दिवशी, संध्याकाळनंतर

उभी राहिले. टाकीवर वारा एवढा की मी आडवी होणार असं वाटत होतं. धाकट्याने टाकीच्या कडेने दोरी बांधून दिली, ती कमरेला लावली. तांडेल खाली खुर्ची टाकून बसला होता, होडी फुटलेली, खांदा बांधलेला, त्याला दुसरं काम काय!

"बाई, ताठ. पत्रा वाकत नव्हता."

"पत्र्याला गुडघे नव्हते," मी म्हटलं.

तो हसला आणि हसताना खांदा दुखला म्हणून कळवळला. सगळ्या होड्या आत आल्या.

१२ तारीख, गुरुवार

दंड दुखतात. पाठ दुखते. कानात वारा राहून गेल्यासारखा वाटतो, घरात आल्यावरही ऐकू येतो. बर्फवालीने बर्फ आणून दिला, माझ्या गुडघ्यांवर ठेवायला. बर्फाचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग झाला.

१४ तारीख, शनिवार

होड्या आता लांबून ओळखू येतात. निळ्या पट्ट्याची पुढे घुसते. दोघा भावांची आहे, ते समुद्रातही भांडत येतात. जुनाट इंजिनाची धापा टाकत सगळ्यात शेवटी. आज ती फारच मागे राहिली. बाकीच्या लागल्या तरी हिचा पत्ता नाही. घंटाबाई दोरी हातात धरून खाली उभी, मी वर चादरीत. दोघी एकाच दिशेला बघत होतो. मी होड्या पुन्हा मोजल्या, एक कमीच. वसतिगृहाचं फाटक सातला बंद व्हायचं. शेवटची मुलगी आत येईपर्यंत मी अशीच मोजत असायचे. काळजी कुणाला दाखवायची नाही आणि मुलगी आली की झाडायचं, ही माझी पद्धत.

होडी आली. मी टाकीवरून ओरडले, "ही काय यायची वेळ झाली?" आवाज कमावलेला आहे, वाऱ्यातूनही पोचला. होडीतल्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "चुकलं बाई, उद्या लवकर येतो." सगळा किनारा हसला. घंटाबाईसुद्धा. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मी हात वर केला, आल्या सगळ्या, आणि तिने घंटा वाजवली.

१६ तारीख, सोमवार

फार लिहिण्यासारखं नाही. सकाळी डॉक्टर लाटेवर उभे राहिले. पापणी लवायच्या आत पडले, पण राहिले. धाकट्याने त्यांना मिठी मारली. मला भूक फार लागते हल्ली.

१७ तारीख, मंगळवार

दुपारी घंटाबाईकडे जाळ्यातला कचरा वेचायला बसले होते. तिने विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, मीच. "आणखी?" मीच.

तिने माझ्यापुढे चहा सरकवला. मग मीच सांगत सुटले, जे भावालाही सांगितलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून घर खायला उठतं. संध्याकाळी सात वाजले की मी उगाच दारापाशी जाऊन उभी राहते. कुणी यायचं नसतं. वरची खोली मी त्याच्यासाठी झाडली, असं सगळ्यांना सांगते, पण झाडली माझ्यासाठीच. त्याच्या भल्यासाठी न्यायला आलेय म्हणते, त्यातलं निम्मं खोटं आहे.

"निम्मं ना," घंटाबाई म्हणाली. "मग फार नाही."

घरी येताना तांडेल भेटला. म्हटलं, ती बर्फवाली हल्ली येते आणि लगेच जाते, तुमच्या कारखान्यात काम वाढलं का? तो म्हणाला, "बाई, तुम्ही एवढ्या उंच उभ्या राहता, तुम्हाला अजून दिसलं नाही?" काय दिसायला हवं ते काही सांगितलं नाही. या माणसाला कोडी घालायची खोडच आहे.

१९ तारीख, गुरुवार

पहाटेपासून वारा पडला. पान हलत नाही. चौकट काल आलीच होती, गावाने मिळून नवा पत्रा रंगवला होता, आज चढवायचं ठरलं.

मी सवयीने टाकीवर चढून बसले होते, वरून देखरेख करायला. तांडेल म्हणाला, उंटावरून शेळ्या हाकू नका. मी लक्ष दिलं नाही. धाकटा शिडीवर, तोंडात खिळे. शिडी धरायला बर्फवाली. तिने दोन्ही हातांनी शिडी अशी धरली होती की भूकंप झाला तरी हलली नसती. आणि ती वर बघत होती. खिळ्यांकडे नाही, पत्र्याकडे नाही. धाकट्याने एक खिळा ठोकला की खाली बघायचा, ती आहे ना म्हणून, आणि मग पुढचा.

शिडी धरायला एवढं वर बघावं लागत नाही.

बादली. वितळेपर्यंत बसणं. चादर अंधारात सापडणं. आणि मी, अतिशहाणी, मुलींच्या चेहऱ्यावरून कोण कुणाला भेटून आली ते ओळखणारी, मी तिलाच बाजूला घेऊन सांगितलं की याला घालवा. "त्याला जायचंय का?" असं तिने विचारलं होतं. मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलेलंच आहे, पुन्हा लिहीत नाही.

पत्रा बसला. उन्हात झळकतो आहे. माझं काम संपलं.

२० तारीख, शुक्रवार

सकाळी दोन कामं केली. पहिलं, कारखान्यात गेले. पांढऱ्या दरवाजातून आत थंडगार धूर, यंत्राचा खडखडाट. बर्फवालीने यंत्र बंद केलं. मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, त्याला जायचंय का. नाही, त्याला जायचं नाही. मी विचारलं नाही त्याला, पण मला दिसतं. आणि आता संध्याकाळी घाईने जाऊ नका. बर्फ अर्धवट राहतो."

तिने हात कपड्याला पुसले, पुन्हा पुसले. म्हणाली, "तुमचे गुडघे कसे आहेत?" मी म्हटलं, "गुडघ्यांचं राहू द्या." मग ती एकदम हसली. हसल्यावर फार वेगळी दिसते.

दुसरं, चुलतभावाला फोन केला. खुर्ची दुसऱ्या कुणाला दे म्हटलं. तो म्हणाला, विचारलंस तरी का त्याला? म्हटलं, गरज पडली नाही.

दुपारी धाकटा ओट्यावर येऊन माझ्याशेजारी बसला. पायाने वाळू उकरत राहिला, लहानपणी काही फोडलं की बसायचा तसा. म्हणाला, "ताई, तू आल्यापासून काहीतरी विचारायचं म्हणतेयस. रोज तोंड उघडतेस आणि मिटतेस. विचार आता. मी ऐकतो."

मी म्हटलं, "हो. विचारायचंच होतं. रोज बर्फ कशाला रे लागतो तुला?"

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा. समुद्राकडे बघत म्हणाला, "वितळतो म्हणून."

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. तोही हसायला लागला. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला, वाळूसकट, आणि मी त्याला बसू दिलं.

२१ तारीख, शनिवार

उद्या सकाळची बस. दुसऱ्या तिकिटावर घंटाबाईने दिलेली सुक्या मासळीची टोपली बसेल. ती म्हणते, नाही म्हणायचं नाही. बसवाल्याने वासावरून कटकट केली तर तिकीट दाखवीन.

आज तांडेलाची होडी दुरुस्त होऊन पहिल्यांदा समुद्रात गेली, त्याच्या पुतण्याला घेऊन. खांदा अजून पुरता बरा नाही, पण ऐकतो कोण! संध्याकाळी मी चादर न घेताच टाकीवर चढले. काही गरज नव्हती. वर पत्रा आहे, खाली दरवाजा आहे, वाट दिसते आहे. धाकटा आणि बर्फवाली ओट्यावर होते, बादली मधे. मला कुणी खाली ये म्हणालं नाही.

निळ्या पट्ट्याची आली. आत भाऊ भांडतच होते. तांडेलाची होडी वाटेतून सरळ आत आली, आणि त्याने पत्र्याकडे न बघता माझ्याकडे बघून चांगला हात वर केला. सगळ्यात शेवटी म्हातारा, धापा टाकत, पण कालच्यापेक्षा लवकर. किनाऱ्यावर घंटाबाई दोरी धरून उभी होती. होड्या तिला समोर दिसत होत्या, मोजायला तिला कुणाची गरज नाही. तरी ती मान वर करून टाकीकडे बघत थांबली होती. मी हात वर केला. मग घंटा वाजली.

नंतर वर येऊन म्हणाली, "पत्र्याचा काही भरवसा नाही हो बाई. खाऱ्या हवेत खिळे गंजतात. दर हंगामाला येऊन बघून जात जा." मी म्हटलं, बघू. येणार आहे, हे तिलाही कळलं.

चादर इथेच ठेवून जाते. तिला आता दोन भोकं पडली आहेत आणि मिठाने ती कडक झाली आहे, पण बर्फवाली म्हणते धुऊन मऊ होईल. जोडीतली दुसरी घरी पलंगावर आहे. पुढच्या महिन्यात दोघं चार दिवस येतो म्हणालेत. घरी गेल्यावर वरच्या खोलीत आणखी एक उशी ठेवायला हवी.